बिघाड पिकू द्या

जोडबसवण्णा चौकातून आत वळलं
की तिसऱ्या बोळाच्या तोंडाशी
पाटी नाही, शटर नाही,
नुसती जमीन काळी.
तिथं अंबादास चिलवेरी.

एकवीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होता.
धोट्यांनी त्याचे कान खाल्ले.
आता तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावतो,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटतो.
बाकी बोलणं तो ओठांवरून वाचतो.
म्हणून इथं माणसं आवाज काढतात.

कोर्टातले बाबू, शर्ट खोचलेले,
भर रस्त्यात ओणवे होऊन सांगतात :
‘थर्डला टाकली की, मालक, असं...
घुर्रर्र, खट्, घुर्रर्र.’
वळसंगचे गुरुसिद्धप्पा फटफटी ढकलत आले,
मराठीत अडले, कन्नडात अडले,
शेवटी गाल फुगवून स्वतःच सायलेन्सर झाले.
फुट्. फुट्. फु... स्स.
‘पुन्हा काढा,’ अंबादास म्हणाला.
त्यांनी पुन्हा काढला, जीव ओतून.
बाकड्यावरचे सगळे तोवर तज्ज्ञ :
प्लग बघा. क्लच गेलाय. ऑइल कुठलं टाकता?
विकून टाका की, काय ठेवलंय तिच्यात.

अंबादासनं टाकीचं झाकण काढलं,
उन्हाकडे धरलं,
आणि खराट्याच्या काडीनं
त्यातलं बुजलेलं भोक मोकळं केलं.
‘टाकीला श्वास नव्हता. जावा.’
किती झाले?
‘काडीचे काय पैसे.’

माझी गाडी मेव्हण्याकडून घेतलेली, चौथा हात.
होटगी रोडला, दुपारी दोनच्या सुमाराला,
डांबर मऊ पडतं तेव्हा
ती बंद पडते.
खोकत नाही, धडकत नाही, धूर नाही.
अर्ध्या तासानं आपली आपण सुरू.
आणि अंबादाससमोर तर
दवाखान्यात ताप उतरलेल्या पोरासारखी, एकदम शहाणी.
‘आवाज काढून दाखवा,’ तो म्हणाला.
मी तोंड उघडलं,
मग मिटलं,
आणि तसाच उभा राहिलो.
त्यानं माझ्या ओठांकडे बराच वेळ बघितलं.
‘असला सापडत नाही लवकर.
पिकू द्या थोडा.’

तेवढ्यात राजमणी गाजूल आल्या,
बोटांना तंबाखूचा वास, बगलेत रिकामं विड्यांचं सूप.
मागं पोराची मोपेड, पोरासकट.
परवाच दुरुस्त करून नेलेली.
‘आता काय झालं, अक्का?’
‘आवाज गेला.’
‘त्याचेच तर पैसे घेतले.’
‘परत बसव.’
पोरगा टॉवेलच्या कारखान्यात, सेकंड शिफ्ट.
रात्री सव्वाला पाण्याच्या टाकीपाशी वळायचा
तेव्हा साखळीचं कव्हर वाजायचं
आणि ह्या झोपायच्या.
तीन रात्री झाल्या, दार वाजेपर्यंत डोळा नाही.
पोरगा चपलेनं माती उकरत होता.

अंबादास खाली बसला.
‘कसा होता, काढा.’
त्यांनी काढला. हळूच. आमच्या सगळ्यांपेक्षा अचूक.
खुळ्‌-खुळ्‌-टिंग, खुळ्‌-टिंग.
त्यानं स्क्रू पाव आटा सैल केला,
कव्हरवर तळवा ठेवला, पोराला किक मारायला लावली,
आणि वर माझ्याकडे बघितलं :
‘मला ऐकू येत नाही, तुम्ही सांगा. आला का?’

मी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा
एखादं यंत्र इतकं लक्ष देऊन ऐकलं.
खुळ्‌-खुळ्‌ होतं. टिंग नव्हतं.
‘अजून थोडा,’ मी म्हणालो,
आणि राजमणींनी माझ्याआधीच मान हलवली होती.

परत जाताना आसरा चौकात
सिग्नल हिरवा झाला
आणि गाडी गप्प.
मागं हॉर्न. कुणीतरी ‘काय बे’.
एक जण काचेवर टकटक करून
बॅटरीविषयी सल्ला देत होता.
मी स्टिअरिंगला कान लावून
नुसता बसून राहिलो.