चौकटीची वही

पोदेराचा भोंगा वाजला की ल्युबा आधी बाहेर.
तीन पाव घेते, सुटे मोजते
आणि पायरीवर बसूनच वहीत लिहिते.
चौकटीची वही, अक्षदाच्या गणिताला असते तशी,
मांद्र्याच्या त्याच दुकानातली.
अक्षर मला वाचता येत नाही, आकडे येतात.
पाव पंधरा.
केळी साठ (फसवलं तिला).
भाडं अठरा हजार, खाली दोन रेघा.
ते मलाच येतं दर पाच तारखेला,
तरी त्या दोन रेघा पाहिल्या
की मी दाराआड होते.

खोली गुरुदासची.
त्याचे शर्ट ट्रंकेत, ट्रंक सासूबाईंच्या खाटेखाली,
कॅरमबोर्ड मात्र तिथंच राहिला, कपाटामागे.
त्याच्या खुंटीवर आता त्योमाची
फुगवायची पिवळी चकती.

गुरुदास स्विंडनला आहे, चौथं वर्ष.
पाच जणांत एक स्वयंपाकघर,
फ्रिजची एकेक फळी एकेकाची,
दुधाच्या बाटलीला नावाची चिठ्ठी
आणि तरीही दूध कमी होतं.
खोलीचे चारशे पन्नास पौंड.
पहिल्या वर्षी तो सगळं गुणायचा,
गुणून फ्लॉवर परत ठेवायचा.
आता म्हणतो, गुणलं की भूक मरते.
मी मात्र गुणते इथं, त्याच्या वाटचं.

एकदा त्यानं तिथं नारळ घेतला. एक पौंड वीस.
थंडीत पायरीवर आपटला,
शेजारीण पडदा सारून बघत राहिली.
पाणी सांडलं म्हणून फोनवर किती वेळ हळहळला!
आणि इथं पाच माड माथ्यावर,
पाडेली माडामागे दीडशे मागतो
तेही चार फोन केल्यावर.
तोवर पडतील ते आपले,
त्योमाला सांगून ठेवलंय, खाली खेळू नकोस.
त्याला कळलं नाही. मी डोक्यावर हात आपटून दाखवला.
तो हसला.

पैसे शुक्रवारी येतात. किंवा येत नाहीत,
रेट उद्या चढेल, थांब, म्हणून.
मी थांबते, दुकानदार थांबतो,
सासूबाईंची साखर थांबत नाही.

परवा ल्युबानं आईला व्हिडिओ लावला.
तव्यावरचे बांगडे दाखवले,
बोटांनी काहीतरी किंमत सांगितली.
पलीकडे म्हातारीनं दोन्ही हात गालांवर नेले.
स्वस्त म्हणून की महाग म्हणून, कोण जाणे.
हा हात ओळखीचा आहे मला.
गुरुदासनं भेंडीची पिशवी कॅमेऱ्यासमोर धरली होती
तेव्हा आमच्या घरात असाच वर गेला होता,
"अरे देवा, इतक्याश्या?"

रात्री वीज गेली.
ती वही घेऊन ओट्यावर आली, मी बँकेची डायरी घेऊन.
एकाच मेणबत्तीत दोघींनी बेरजा केल्या.
तिची जुळली नाही. पेन उलटं करून
कपाळावर टकटक करत राहिली.
माझी जुळली
कारण मी बांगडे लिहिलेच नव्हते.
ल्युबानं आणले होते ते, अर्धे आम्हाला दिले.
तिच्या वहीत ते पूर्ण लागले असणार.

आज फोनवर गुरुदास मध्येच विचारतो,
"माझ्या खोलीची ती समुद्राकडची खिडकी
नीट लागते का गो?
वाऱ्यानं रात्रभर आपटत असेल.
फटीत कागद घाल, जाड घडी करून,
मी घालायचो."

मी आत जाऊन पाहिलं. ल्युबा झोपली होती,
त्योमा आडवा, पाय भिंतीला लावून.
खिडकी गप्प.
फटीत चौकटीचा कागद, आठ घड्यांचा,
कडेला निळ्या शाईचा एक आकडा
आणि खाली दोन रेघा.

"घातलाय," मी म्हटलं.
"कुठला घातलास?"
"नोव्हेंबरचा."