चाळीस सेकंद

दर सत्रात मी अकरा वेळा विधवा होते.
वेळापत्रकात तसं नसतं. तिथे लिहिलेलं असतं :
संवादकौशल्य, प्रात्यक्षिक, मंगळवार, दुपारी एक.
आउलूच्या नर्सिंग कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
मी हेडफोन चढवते, कॉफी बाजूला सरकवते
आणि पडद्यावर उठून उभी राहते
अन्नेली सालोवारा, वय एकसष्ट, करडा कोट.

काय तो अवतार!
केस टोपीतून आरपार येतात,
बस म्हटलं तर खुर्चीच्या वीतभर वर बसते,
आणि रडता येत नाही तिला.
रडणं संगणकवाल्यांनी पुढच्या वर्षावर ढकललंय.
सध्या एक कळ दाबली की मान खाली जाते, एवढंच.

इस्पितळ मात्र झकास बांधलंय.
खोली क्रमांक चारच्या खिडकीबाहेर बर्च,
बारा महिने हिरवे,
कारण बांधणारा मुलगा जूनमध्ये बांधत होता
आणि हिवाळा घालायचा राहून गेला.

विद्यार्थी येतात, केमीहून, उत्सयोकीहून,
कुणी शंभर, कुणी सहाशे किलोमीटरवरून,
कुणी मांडीवर बाळ घेऊन,
कुणी पेट्रोलपंपाच्या मागच्या खोलीतून;
इथे सगळे निळ्या गणवेशात, सारखेच उंच.
त्यांनी मला सांगायचं असतं
की माझा नवरा ऑपरेशनमधून वाचला नाही.

सानेल्मा सांगते हवामानाच्या बातम्यांसारखं.
कापोने सात वेळा 'खेद आहे' म्हटलं, मी मोजलं.
इंगा-मारेत घाबरून हसली,
मग माफी मागत मागत निघाली आणि भिंतीत अडकली.
मी टिपणं लिहिते : आधी बसा.
'गेले' म्हणू नका, बाई विचारते, कुठे गेले?
'मेले' म्हणा.
हळू म्हणा, पण म्हणा.

मग एरिक्की.
इनारीचा, चाळिशी उलटलेला,
पंधरा वर्षं बर्फावरच्या स्कूटर दुरुस्त करून
आता हे शिकायला आलेला.
आत आला. दार लावलं,
दार कुणीच लावत नाही.
समोर बसला, वीतभर वर.
आणि गप्प.

दहा सेकंद. वीस.
मी अन्नेलीची मान खाली घातली,
दुसरं काही येतच नव्हतं तिला.
बाहेर बर्च हलत होते, तोच तो वारा फिरून फिरून.
तिसाच्या आसपास
माझ्याच घशात काहीतरी दाटलं.

चार वर्षांपूर्वी, खऱ्या इस्पितळात,
इथून दोन किलोमीटरवर,
डॉक्टर उभ्या उभ्या बोलत होते,
नीट, नियमाने, एकही चूक नाही.
मी त्यांच्या खिशातलं पेन बघत होते.
गळत होतं.
मला वाटत होतं, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

चाळिसाव्या सेकंदाला मी विचारलं, आहात का?
"आहे," एरिक्की म्हणाला. "इथेच आहे."

पैकीच्या पैकी दिले.

तासाभराने त्याचा निरोप :
माफ करा, इकडे वादळ आहे, आवाज पोचत नव्हता.
मी सगळं बोललो होतो,
पाठ केलेलं, दोनदा.
परीक्षा पुन्हा घ्याल का?

तीन वाजले होते. बाहेर काळोख,
पार्किंगमध्ये गाड्या
पोटात उबेच्या वायरी खुपसून उभ्या.
कॉफी केव्हाच गार.
बऱ्याच वेळाने लिहिलं : गरज नाही.

आणि घाईत, घरी निघताना,
मी पडदा बंद करायची विसरले.
सकाळी पाहते तर अन्नेली तिथेच,
वीतभर वर, मान खाली,
समोर रिकामी खुर्ची,
आणि खिडकीत जून.