पाण्यात पाहणं

चपला एका निळ्या क्रेटमध्ये गोळा झाल्या,
सोळा जणांच्या, वाळूसकट,
आणि गुडघाभर पाण्यातून, बॅगा डोक्यावर धरून
आम्ही होडीकडे निघालो.
एल निदोत हिला बांका म्हणतात.
नखराही तसाच:
दोन्ही अंगांना बांबूचे हात पसरून
दोरीवर चालणाऱ्या पोरीसारखी तोल सावरत उभी.

जोमार, आमचा गाइड, वय वीस, आवाज भोंग्याचा:
"आज चार बेटं! जेवण फुकट! बुडलात तर परतावा नाही!"
कोर्दोबाचा फाकुंदो सगळ्यात आधी हसला,
चार महिन्यांची दाढी, एकच शर्ट.
ओउलूच्या दोघी बहिणी एकमेकींच्या पाठीला
भिंतीला चुना लावावा तसं क्रीम लावत होत्या.
दा-उन वहीत मासे मोजणार होती,
एकही दिसण्याआधी रकाने आखून तयार.
आणि मी, त्रेचाळीस वर्षांची, इचलकरंजीची,
विम्याच्या कचेरीत लोकांचे दावे फेटाळणारी,
केशरी जाकिटाचे तिन्ही पट्टे आवळून
मधल्या फळीवर, जिथून काठ सर्वात लांब.

इंजिन खोकलं, मग सुटलंच.
खारट शिंतोडे, कुणाचीतरी टोपी उडाली,
"टोपी! टोपी!" पाच भाषांत एकदम,
आणि कप्तानाने खरंच होडी वळवली हो,
दीडशे पेसोंच्या टोपीसाठी
भर समुद्रात यू-टर्न.
त्यानंतर कुणी कुणाला नाव विचारायचं राहिलं नाही.

पहिलं बेट. सगळ्यांनी उड्या मारल्या.
दुसरं बेट. सगळ्यांनी उड्या मारल्या.
मी मागच्या बाजूला, जिथे कुया रेनांते
करवंट्यांच्या निखाऱ्यांवर मासे भाजत होता.
त्याने कैरी कापली, वर मीठ,
आणि जांभळट कसलीशी चटणी.
जवळा! जिभेला आधी कळलं, मला मागून.
"पोहत नाही?"
"येत नाही."
"मलाही," तो म्हणाला, मासा उलटत.
"सतरा वर्षं झाली होडीवर. मूळचा मी डोंगरातला, भातखाचरांतला.
अजून पडलो नाही, एवढंच."

तिसऱ्या बेटाशी त्याने हात पुसले,
ट्यूबला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला,
आणि ओठ पुढे काढून पाण्याकडे खूण केली.
इथे बोट दाखवत नाहीत.
पोहता न येणारा वर,
पोहता न येणारी खाली,
मध्ये वीस हात नायलॉन.
असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं
तर एका ओळीत निकालात काढलं असतं.

उतरले.
आई गं.
नाकात समुद्र, घशात समुद्र,
मग जोमारने गॉगल चढवला
आणि माझं डोकं हलकेच दाबलं, खाली.

खाली आमचे पाय होते.
फाकुंदोच्या पोटरीवर टाक्यांचा जुना व्रण,
बहिणींचे चार पाय, क्रीम सुटून दुधाळ झालेलं पाणी,
दा-उनची टाच, तिच्याभोवती पिवळ्या माशांचा घोळका,
आणि वही वर होडीत.
वर गप्पा चालल्या होत्या, हसणं ऐकू येत होतं दबकं,
खाली प्रत्येकाची ही एवढी खटपट
जागच्या जागी राहायला.
आयुष्यभर माणसांना पाण्यात पाहत आले मी,
थोरल्या जावेला, बढती मिळालेल्या पाटणकरला,
पण इतकं नीट
कुणाला पाहिलं नव्हतं.

चौथं बेट राहिलंच. ढग आले, जोमारचा आवाज बसला,
केळीच्या पानावर एकच ढीग भाताचा
आणि सोळा उजवे हात, माझा सगळ्यात सराईत.
फाकुंदोला घास करायला शिकवला,
त्याने अर्धा दाढीला भरवला.

किनाऱ्यावर क्रेट उपडा झाला.
रेनांते दोर गुंडाळत होता, मनगटावर लाल वळ.
"उद्या?"
उद्या माझं विमान होतं.
"उद्या तू उतर," मी म्हणाले, "दोर मी धरते."
तो इतका हसला, इतका,
की कप्तानाने वळून बघितलं.
मग हसणं थांबवून
त्याने पाण्याकडे एकदा पाहिलं,
भाव विचारावा तसं.