चित्रांच्या पाठी

फोर्टातल्या त्या गॅलरीत, लाकडी जिना चढून डावीकडे,
तेवीस वर्षं चित्रं टांगतोय मी.
तुम्ही बघता ते चित्राचं पोट.
मला आधी पाठ दिसते.

पाठीवर सगळं असतं :
वर कुठली बाजू त्याचा बाण, चुकलेलं माप,
एखाद्याचा फोन नंबर,
आणि खोडलेली किंमत, तिच्यावर नवी, तीही खोडलेली.

यंदा दोघींचं मिळून होतं.
तस्लीम मुकादम, दारूखान्याची,
आणि भार्गवी केणी, मुलुंड पूर्वेची.
बत्तीस चित्रं, सही एकावरही नाही.
पुढून नाही म्हणजे.

ठरलं होतं म्हणे, एकीनं सुरू करायचं,
दुसरीनं हवं ते घालायचं, नको ते घासायचं.
दीड वर्ष टेम्पो ये-जा करत राहिला.
चौदाव्या चित्रावर एक गोल डाग आहे,
तो टेम्पोवाल्या सिराजच्या चहाचा.
दोघींपैकी कुणीच पुसला नाही. प्रत्येकीला वाटलं दुसरीचा.

सहाव्याच्या पाठीवर पेन्सिलनं :
माझी बोट तू पुसलीस?
खाली : पुसली. बोल.
खाली : बोलत नाही.
मग तारीख उडी मारते, थेट श्रावणातून दिवाळीत,
आणि बारीक अक्षरात : बोलते. बोटीशिवाय बरंय.

भिंतीसमोर पुन्हा जुंपलीच.
तस्लीमला चित्रं खेटून हवीत, खांद्याला खांदा,
भार्गवी म्हणे, श्वास घ्यायला जागा ठेवा.
मी लेव्हल लावली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.
चार बोटं अंतर, मी म्हटलं.
कुणाची बोटं, दोघी एकदम म्हणाल्या.
माझी.
हसल्या, आणि ते तसंच राहिलं.

उद्घाटनाला तस्लीमचे अब्बा आले.
इस्त्रीचा पांढरा सदरा, नखांत जहाजांचा काळा गंज,
तो कुठल्याच साबणाला जात नाही.
माणसं वाइनचे ग्लास धरून अंतर अंतर बोलत होती,
हे भिंतीच्या कडेकडेनं चालले,
दुकानात माल तपासावा तसे, एकेक.

अकराव्यापाशी थांबले.
गंजलेला पत्रा, त्यात भोकं पाडून निळ्या दोऱ्याचे टाके,
काही टाके उसवलेले, मुद्दाम.
बराच वेळ बघितलं. मग म्हणाले,
पत्रा माझ्या दुकानातला. हात माझ्या पोरीचा.
तिच्या आईचा टाका असाच उलटा पडायचा.

मला माहीत होतं.
अकराव्याच्या पाठीवर फक्त भा आहे,
आणि त्याखाली तस्लीमच्या अक्षरात :
याला मी हात लावत नाही. पुरं आहे.

भार्गवी दोन पावलांवर उभी होती.
तस्लीमनं तिच्याकडे बघितलं, फार नाही,
सुईत दोरा जायला लागतो तेवढा वेळ.
हो अब्बा, म्हणाली.
भार्गवी आत गेली, माझं स्टूल घेऊन आली,
त्यावरची पुट्टी पदरानं पुसून
त्यांना म्हणाली, बसून बघा.

ते बसले. बत्ती मालवेपर्यंत.

पाठच्या बहिणी म्हणतात आपल्यात,
एकीच्या मागून दुसरी जन्मते तेव्हा.
या दोघींच्यात आधी कोण,
ते बत्तीसही पाठी वाचून मला सांगता येणार नाही.

सोमवारी उतरवलं सगळं.
अकरावं उलटं करून टेबलावर ठेवलं, कोपऱ्यांना फोम लावला.
भा-शेजारी बोटभर जागा रिकामी होती,
आणि माझ्या कानावर पेन्सिल.
दुकानात कोणी नव्हतं. म्हणजे गॅलरीत.
पेन्सिल कानावरच राहू दिली.

चौसष्ट भोकं. लांबी भरली, घासली, पांढरा हात मारला.
अकराव्याच्या जागी भिंतीवर थोडा तांबडा गंज उतरला होता,
त्याला दोन हात लागले.
बुधवारी कुणा शिल्पकाराचा माल येणार आहे.
जड आहे म्हणतात.