सहभागी हवेत

कागद साधाच होता. हातानं लिहून झेरॉक्स काढलेला.
"वय अठरा पूर्ण. देव मानत नसाल,
आणि महिन्यातून चार तास तरी
पैशाशिवाय कुणासाठी राबत असाल,
तर मला पाऊण तास द्या.
नाव गुप्त राहील. चहा मिळेल."

चहा इंगळगी मॅडमनी खोडला.
आमिषाला आलेला माणूस, म्हणाल्या, नमुन्यात धरत नाहीत.
मी चहा ठेवला. फक्त लिहिला नाही.

एक विश्रामबागेत, वाचनालयाच्या दारावर.
एक रक्तपेढीच्या जिन्यात.
एक मार्केट यार्डात, हळदीच्या पोत्यांमागच्या खांबावर,
तो तिसऱ्या दिवशी पिवळा झाला होता
आणि "नसाल"मधल्या न चा
कुणीतरी पेनानं अ केला होता.
खाली चार फोन नंबर.

पहिले आले बाळगोंडा चौगुले,
वजनकाट्यावरून निवृत्त. पुराच्या साली नऊ दिवस बोटीत.
विधान सहा: इतरांना मदत केल्यावर मला समाधान मिळते.
पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत, पाच चौकोन.
त्यांनी चष्मा काढून पुसला.
"समाधान कसलं, बाई?
भिजलेला माणूस लई जड असतोय.
वर ओढला की खांदा निखळतोय.
ह्यात खांद्याचा चौकोन कुठला?"

मिरजेच्या सुरैया रात्री दवाखान्यात बसतात,
ज्यांच्या उशाशी कुणी नाही त्यांच्या उशाशी.
मी रेकॉर्डर चालू करायच्या आधीच
त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.
"चौदावा प्रश्न सोडूया."
चौदावा सोडला तर त्या अभ्यासातच बसत नाहीत.
नाव गुप्त राहील, मी म्हटलं.
"नाव राहील हो," म्हणाल्या,
"गल्ली कुठं राहते गुप्त?"
दोन कप चहा प्यायल्या आणि गेल्या.
तो फॉर्म मी फाडला नाही. मोजलाही नाही.

महादेव ऐनापुरे. नाव सांगताना स्वतःच हसले.
बेवारस प्रेतं नेतात घाटावर,
लाकडाची पावती स्वतःच्या नावानं फाडतात.
मंत्र येत नाहीत, म्हणून मोबाईलवर लावतात,
आवाज जरा बारीक.
मी पेन्सिल थांबवली. म्हणजे तुम्ही मानता?
"मी नाही मानत.
पण तो मानत असला तर?
आता विचारायची सोय नाही."

साठ हवे होते. तेवीस झाले.
मॅडम म्हणतात, प्रेरणा स्वच्छ वेगळी करता आली पाहिजे,
बी वेगळं, गर वेगळा.
मी मान डोलावते आणि मला आठवतो
गावभागातल्या आमच्या गच्चीचा कठडा,
पाणी तिसऱ्या पायरीवर,
आणि बोटीतून वर आलेला एक हात.
त्या मनगटावर दोरा होता की नव्हता?
मी केव्हापासून आठवते आहे.
घड्याळाचा पट्टा आठवतो. थंडी आठवते.
हाताला हळदीचा वास होता, पण तो इथे कुणाच्या हाताला नसतो.

काल रात्री ते चार नंबर काढले.
तीन लागले नाहीत.
चौथ्यानं उचलला, मागे कुकरची शिट्टी.
"आम्ही मानतो, मॅडम, खोटं कशाला बोलू,
पण तास भरतात. चालंल का?"
नाही चालणार, म्हटलं. निकषच तसा आहे.
"बरं," तो म्हणाला. राग नाही, काही नाही.
"मग तुमच्याकडं आहे का पाऊण तास?
कुपवाडला अंध पोरांची परीक्षा आहे शनिवारी,
पेपर लिहायला माणसं कमी पडतात.
तुमचं अक्षर बघितलंय आम्ही, खांबावर.
स्वच्छ आहे."

मी काय मानते, त्यानं विचारलं नाही.
वेळ लिहून घेतली, दहा वाजता, सोबत दोन पेनं.
वहीच्या शेवटच्या पानावर,
नमुन्याच्या बाहेर.