हातचा

बुडापेस्टला चौथ्या मजल्यावर
बोरोकाच्या पडद्यावर एकशे बारा मार्ग,
लाल, पिवळे, मोजकेच हिरवे.
कॉर्नेल म्हणतो, नवा मार्ग म्हणजे द्राक्षाची वेल,
पहिली दोन वर्षं तिच्याकडे फळ मागू नये.

मार्ग शहात्तर. कुताइसी ते बारी.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
विमान भरलेलं असतं, एकोणनव्वद टक्के.
भरलेलं असतं आणि बुडतं,
दर खुर्चीमागे दोन युरो चाळीस सेंट.

तिकीट एकोणीसचं. पैसा तिकिटात नसतोच,
तो असतो बॅगेत, खिडकीत, पाण्याच्या बाटलीत,
चुकलेलं नाव दुरुस्त करण्यात.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
हे या धंद्याचं पहिलं पान.
पण शहात्तरवर मसाला कुणी घेतच नाही.
कोरडी कोंबडी गिळून
मुकाट उतरतात एकशे साठ जणं, बहुतेक बायका.

बारीच्या विमानतळानं दोन वर्षं जावयासारखं पोसलं.
उतरण्याचं भाडं माफ, जाहिरातीही त्यांच्याच.
मार्चमध्ये पाहुणचार संपला.
जावई आता स्वतःच्या खिशातून जेवतो
आणि तरी आणखी चाळीस सासुरवाड्या हुडकतो आहे.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,
बोरोका बैठकीत म्हणाली होती.
कॉर्नेल हसला नाही. म्हणाला,
उभं विमानही भाडं खातं,
उडतं ते निदान थोडं फेडतं.
तेही खरंच होतं. पंचाईत तिथेच होती.

एप्रिलात ती स्वतः गेली, बघायला.
कुताइसीच्या दाराशी पिशव्या मोजायची लोखंडी चौकट,
रांगेत त्सिआला, वय साठीच्या अलीकडे,
अंगात तीन कोट, खिशांत अक्रोड,
अस्तरात लोकरीचे मोजे.
गुडघ्यानं दाबून तिनं पिशवी चौकटीत बसवली,
मग मागे वळून मोडक्या इटालियनमध्ये म्हणाली,
तुझी रिकामी दिसते. थोडं घेशील?

बारीत म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्यांना
गुरुवारी दुपारी सुट्टी असते.
हे पडद्यावर कुठल्याच रकान्यात नव्हतं.
स्टेशनजवळच्या बागेत अकराजणी उभ्या,
नानुली, एतेरी, लामारा, बाकीच्यांची नावं राहिली नाहीत.
कुणाला गावचं चीज,
कुणाला आलुबुखाराची पोळी, आपल्या आंबापोळीसारखी,
कुणाला नुसतं पत्र, वहीचं पान फाडून.
लामारानं पोळी तिथंच हुंगली
आणि घड्याळ पाहिलं.
सातला नुन्त्सियाबाईंना अंघोळ घालायची होती.

सोमवारी कॉर्नेल म्हणाला, गुरुवार काढून बघ.
तिनं काढला.
आकडा हिरवा झाला. तीस सेंट, पण हिरवा.
सुटलेलं विमान गुरुवारी एकशे तेराव्या मार्गावर जाईल,
तिथला पाहुणचार नुकताच सुरू झाला आहे.
अहवालात वाक्य हवं होतं. तिनंच लिहिलं:
गुरुवारची मागणी शनिवारकडे वळेल.
चूक काढता येणार नाही असं वाक्य.

संध्याकाळी सवयीनं तिनं
कागदावर पेन्सिलीनं बेरीज पडताळली.
नऊ आणि सात सोळा, सहा लिहिले,
हातचा एक.
रबर शोधायला पिशवीत हात घातला
तर तळाशी एक पुडकं, दोऱ्यानं बांधलेलं,
बागेत द्यायचं राहून गेलेलं.
वर नाव, गोल गोल अक्षरांत,
तिला वाचता न येणाऱ्या.
हलवलं तर आत काहीतरी वाजतं,
अगदी हलकं.

वजन होईल पन्नास ग्रॅम.
इतक्याचे पैसे आपण लावत नाही.