मीठ खाल्लेली गाडी

मिसेस लाहती गेल्यावर तिच्या भाच्यानं
ब्युइक विकायला काढली. नऊशे डॉलर.
मी टायरला लाथ मारली, उगाच,
घासाघीस करताना काहीतरी करायला हवं म्हणून.
आठशेला तुटलं.

पंचवीस वर्षं चर्चपर्यंत आणि परत,
चर्चपर्यंत आणि परत,
तरी खालून पाहिलं तर चाळणी.
हॅनकॉकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ पडतं
आणि गाड्या खाल्ल्या मिठाला जागतात:
आधी दाराखालचा पत्रा जातो,
मग ब्रेकची नळी,
मग एक दिवस आपण पाय ठेवतो तिथला तळ.

सिग्ने सोळाची.
ती मला डेल म्हणते.
तिचे वडील डुलूथला असतात, वाढदिवसाला फोन करतात,
कधी कधी त्याच तारखेला.
मी चार वर्षं या घरात आहे
आणि फ्रीजमधल्या डब्यावर अजून स्वतःचं नाव लिहितो.

"लाल नाही?" एवढंच म्हणाली ती गाडी पाहून.
गाडीचा रंग म्हणाल तर
शिजवून गॅसवर विसरलेल्या ओटमीलचा.

सप्टेंबरभर मी एकटाच गाडीखाली.
मग एका शनिवारी शेजारी तिचे बूट दिसले.
काही बोलले नाहीत बूट. उभे राहिले.
मी हात बाहेर काढून म्हटलं, चौदाचा पाना.
तिनं तेराचा दिला.
तोच बसला.

सीटखाली सापडलं: पेपरमिंटचे कागद,
बोटं कापलेला एक लोकरी हातमोजा,
आणि पेन्सिलीनं लिहिलेले आकडे, ४१२, ८७, ३०३,
कुठल्यातरी रविवारची भजनं, ऑर्गनवर वाजवायची.
मी फेकणार होतो.
सिग्नेनं तो कागद उन्हाच्या झडपेत खोचला.
"तिची आहे ना गाडी अजून थोडी," म्हणाली.

बोल्ट तुटला तेव्हा मी जी शिवी दिली
ती तिला आधीच येत होती.

पत्रा मी जोडला. वेल्डिंग कुरूप झालं,
शिंप्यानं रागात घातलेल्या टाक्यांसारखं, पण धरलं.
ब्रेक मात्र ती म्हणाली, मी करणार.
चारही चाकं. तू बघायचं नाहीस.
मी स्वयंपाकघरात जाऊन
आधीच धुतलेला कप धूत बसलो.

रात्री रोन्या झोपल्यावर
टॉर्च आणि मोजून पिळायचा पाना घेऊन बाहेर आलो.
बाहेर शून्याच्या आसपास. सरोवरावरून वारा.
पहिल्या चाकावर उजेड टाकला आणि थांबलो.
प्रत्येक नटावर एक बारीक लाल रेघ,
नटावरून निघून चाकावर उतरलेली.
नट हलला तर रेघ तुटते, लगेच दिसतं.
कागदगिरणीत आम्ही असंच करतो.
तिला एकदाच सांगितलं होतं, ऑगस्टमध्ये, जाता जाता,
तिच्या कानात तेव्हा गाणी होती. मला वाटलं होतं.

पाचही पिळलेले. नीट.
विश्वास होता.
तरी वीसच्या वीस तपासले.
वीस वेळा पान्यानं टक् केलं
आणि मी गुडघ्यांवर तसाच,
उठायचं कारण आठवेना.

सकाळी ती चाकाशी वाकून उभी.
"रात्री इथे कोण होतं?"
रकून असेल, मी म्हटलं. फार झालेत या वर्षी.
"रकूनला सांग, थंडीत नेलपॉलिश वाळत नाही.
शेवटच्या चाकावर सगळं फासलंय."
मी हात खिशात घातले. उशीर झाला होता.
अंगठा लाल.

तिनं गाडी सुरू केली. तिसऱ्या प्रयत्नात.
मागचा डावा दिवा अजून मंद लागतो,
तो बघायला हवा, मिठाचे ट्रक निघायच्या आत.
वळणापर्यंत सायलेन्सर ऐकू आला, मग नाही,
मग परत थोडा.

सोमवारी गिरणीत वर्नरनं अंगठ्याकडे पाहून भुवई उडवली.
रॉकेलनं निघाला असता.